केरबा आप्पांचे हात आणि दम

गेल्या वर्षी जुलैच्या नऊ तारखेला, बुधवारी दुपारी पाऊण वाजता, केरबा आप्पांच्या छातीतून उजव्या बाजूनं नऊशे मिलिलिटर पाणी काढलं. खोलीत डॉक्टर, एक नर्स, आप्पांची सून सुवर्णा आणि मी होतो. आप्पा स्टुलावर पाठमोरे बसले होते. पुढं टेबल, टेबलावर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. पाठीत सुई. पाणी नळीतून काचेच्या बाटलीत येत होतं. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा. बाटलीवर पन्नास-पन्नासच्या खुणा होत्या, म्हणून आकडा मला नक्की ठाऊक आहे.

सुई काढल्यावर आप्पांनी मान वळवून बाटलीकडं पाहिलं.

"एवढं पानी कुठं ठिवलंतं मी?" ते म्हणाले.

डॉक्टर हसले. सुवर्णा हसली नाही. मीही हसलो नाही, कारण पाणी निघत असताना मी आप्पांचा श्वास मोजत होतो आणि तो मिनिटाला बत्तीस होता. निरोगी माणसाचा पंधरा ते अठरा असतो. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की, छातीत पाणी म्हणजे आपल्याकडं बहुतेक वेळा टीबीच, तपासणीचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, औषध आजपासून सुरू करू. आम्ही मान हलवली. आमच्यापैकी कुणालाच त्यापेक्षा जास्त कळत नव्हतं.

आप्पा आठ वर्षांपूर्वी हुपरीहून उचगावला मुलाकडं राहायला आले. मुलगा विलास दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरच. त्यांचं घर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. जिन्याला चौदा पायऱ्या. सामान चढवायला मी हात दिला तेव्हा माझ्या वाट्याला एक पत्र्याचा डबा आला. डबा लहान पण विलक्षण जड. मी विचारलं, "यात काय आहे?"

"माती," आप्पा म्हणाले. "धा वर्साची. सांडू नगासा, पावणं."

ती खरोखर मातीच होती. हुपरीत घरोघरी पैंजणांचं काम चालतं आणि कारागीर बसतो तिथली जमीन रोज झाडून ती धूळ डब्यात भरून ठेवतात. कानशीचा कीस, तुटलेल्या कडीचा तुकडा, सगळं त्या धुळीत असतं. बरीच साठली की ती गाळून त्यातून चांदी काढणारे लोक आहेत. आप्पांच्या त्या डब्यातून पुढं एकशे ऐंशी ग्रॅम चांदी निघाली. चाळीस वर्षं असं जगल्यामुळं त्यांना काहीही टाकून देता येत नसे. सुतळी, औषधांचे खोके, पेनाची टोपणं, सगळं कुठल्या ना कुठल्या डब्यात जायचं.

मला ते शेवटपर्यंत पावणंच म्हणाले. आठ वर्षं एकाच जिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला कुणी पाहुणा म्हणत नाही, पण त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं आणि तेच राहिलं. एखादी गोष्ट पसंत पडली की ती 'वजनात हाय' आणि नापसंत असली की 'वजनात न्हाय'. माझ्या बायकोचा चहा वजनात होता. विलासचं लग्न वजनात होतं, त्याची नोकरी नव्हती. आमच्या गल्लीतल्या नव्या डांबरी रस्त्यावर ते पहिल्याच दिवशी चालून आले आणि म्हणाले, "वजनात न्हाय." पहिल्या पावसाळ्यात तो वाहून गेला.

दुसरी सवय पंख्याची. ते पंखा लावू देत नसत. मे महिन्यात, उचगावच्या पत्र्याखाली, दुपारी दोन वाजता ते बनियनवर घाम पुसत बसलेले असायचे आणि डोक्यावर पंखा बंद. कामाच्या खोलीत पंखा लावला तर चांदीचा कीस उडतो आणि दिव्याची ज्योत हलते, म्हणून हुपरीतल्या त्यांच्या खोलीत चाळीस वर्षं पंखाच नव्हता. आता कीस नव्हता, ज्योत नव्हती. सुवर्णा म्हणायची, "आप्पा, आता काय उडतंय तुमचं?" ते म्हणायचे, "सवय उडती की."

ते हुपरी सोडून आले त्याचं कारण उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर सारखं फिरायचं. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा हवेत कडी वळतोय. शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि एक गोळी दिली. वर्षभर ती पुरली. मग हात पुन्हा अडायला लागला, पाऊल उचलताना तळवा जमिनीला चिकटल्यासारखा व्हायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली. तिचं नाव ब्रोमोक्रिप्टीन. हळूहळू वाढवत ती दिवसाला सहावर आली. सकाळी तीन, रात्री तीन.

दोन्ही गोळ्या लागू पडल्यावरचा एक रविवार मला आठवतो. माझ्या बायकोच्या पैंजणाची कडी तुटली होती. आप्पांनी तो मागून घेतला. ट्रंकेतून स्पिरिटचा दिवा आणि फुंकणी काढली. फुंकणी म्हणजे टोकाला वाकवलेली पितळेची बारीक नळी. तिचं एक टोक तोंडात धरायचं, दुसरं ज्योतीजवळ न्यायचं आणि फुंकर घालून ज्योतीची सुई करून ती नेमकी जोडावर टेकवायची. फुंकर मधे तुटली तर जोड कच्चा राहतो. म्हणून गालात हवा धरून तोंडानं फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. मी करून पाहिलं, मला तीन सेकंदही जमलं नाही. आप्पांची फुंकर मी घड्याळावर मोजली. एक मिनिट चाळीस सेकंद, आणि ज्योत एकदाही हलली नाही. हातही हलला नाही.

मजुरी विचारली तर रागावले. उलट स्वयंपाकघरातल्या काट्यावर पैंजण ठेवून मला वजन वाचायला लावलं. "बगा. जेवढं दिलं तेवढं हाय. उद्या म्हनशीला, आप्पानं चांदी खाल्ली."

मी एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. काय आलं, काय गेलं, काय उरलं, हे लिहिणं माझं काम आणि ती माझी सवयही. विलास बाहेर असायचा, सुवर्णा बालवाडीत शिकवायची, म्हणून आप्पांची औषधं मी कामावरून येताना शहरातून, शाहूपुरीतल्या दुकानातून आणू लागलो. एक वही केली. औषधाचं नाव, किती आणली, कधी संपणार. आप्पा वहीकडं बघून म्हणायचे, "पावणं, लिवून मानूस बरा हुतो व्हय?"

"लिहून बरा होत नाही आप्पा. पण चूक होत नाही."

तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दम लागायला कधी सुरुवात झाली ते मात्र माझ्या वहीत नाही, कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पा चौदा पायऱ्या एका दमात चढायचे. मग नवव्या पायरीवर थांबायला लागले. मी कामावरून यायची आणि त्यांची संध्याकाळची फेरी संपायची वेळ एकच होती, म्हणून थांबणं मला खालून ऐकू यायचं. चपलांचे नऊ आवाज, मग शांतता, मग पाच. काही महिन्यांनी सहा, शांतता, चार, शांतता, चार. कोरडा खोकला सुरू झाला. विचारलं तर म्हणायचे, "फुकणीचा धूर हाय आतला. चाळीस वर्साचा. निगतोय आता." आम्हालाही ते पटलं. हुपरीतल्या बऱ्याच जुन्या कारागिरांना दम लागतो. शहरातल्या एका डॉक्टरांनीही काय काम करायचात एवढं विचारलं, फुंकणी ऐकल्यावर पुढचं विचारलं नाही, आणि खोकल्याचं औषध दिलं.

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती जूनमध्ये. सकाळचे नऊ वाजले असतील. मी गोळ्या द्यायला वर गेलो. आप्पा खुर्चीत पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पावणं, तेवडा पंखा लावा."

मी बटण दाबलं. पंखा अर्धा मिनिट कुरकुरला आणि फिरू लागला. आप्पांनी तोंड वर केलं आणि वारा पाण्यासारखा प्यावा तसं उघडं ठेवलं.

त्यानंतर महिन्याभरात ती नऊशे मिलिलिटरची बाटली.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आप्पांनी आपणहून स्वतःचं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. डॉक्टरांनी हा टीबी दुसऱ्याला लागत नाही असं सांगितलं होतं, पण ते ऐकेनात. मी दारात गेलो की हात वर करून म्हणायचे, "तिथंच थांबा. गोळ्या उंबऱ्यावर ठिवा." वजन एकसष्ट किलो होतं ते छप्पन्न झालं, मग चौपन्न. सप्टेंबरात पाणी पुन्हा भरलं. या वेळी अकराशे. एका माणसाच्या छातीतून दोन महिन्यांत दोन लिटर. मी खाली झोपायचो तो वरचा खोकला ऐकत, आणि खोकला थांबला की जास्त भीती वाटायची.

टीबीच्या गोळ्यांना तीन महिने होत आले तरी फरक नव्हता. पाण्यात जंतू सापडले नाहीत, पाणी पेरून जंतू उगवतात का ते पाहतात, तेही रिकामं आलं. मग आम्हाला शहरातल्या एका छातीच्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं. वय पस्तीसच्या आत. आप्पांनी दारातच माझ्या कानात सांगितलं, "पोरगी हाय." बाईंनी फोटो पाहिले, छाती ऐकली, ठोकून पाहिली. मग म्हणाल्या, "कसल्या कसल्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा."

मी वही पुढं केली. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं.

"हे कधीपासून?"

"सहा गोळ्यांवर येऊन सहा वर्षं चार महिने झाले," मी म्हणालो.

"रोज सहा? खाडा नाही?"

"नाही. मीच आणतो."

"इतक्या वर्षांत याच्यासाठी छातीचा फोटो काढा, असं कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

त्यांनी वही मिटली नाही. बोट तिथंच ठेवून त्या बोलल्या. आवाज अगदी साधा होता. बाजरीवर अरगट पडतो, कणसातून चिकट थेंब येतात, ते तुम्हाला माहीत असेल. तशाच एका बुरशीतल्या द्रव्यापासून या कुळातली औषधं आली. पार्किन्सनमध्ये चांगली चालतात. सगळ्यांना त्रास होत नाही, थोड्यांना होतो. पण ज्यांना होतो त्यांना वर्षानुवर्षांनी होतो, त्यामुळं औषधाचा संशय कुणाला येत नाही. फुप्फुसावर पातळ पदर असतो. तो सुजतो, पाणी धरतो, मग जाड होत जातो. जाड झाला की फुप्फुसाला फुलायला जागा राहत नाही.

"म्हंजे फुकणी न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"फुंकणी असती तर आतला भाग आधी बिघडला असता. मला तरी हे फुंकणीचं वाटत नाही."

आप्पा माझ्याकडं वळले. "मी म्हनत हुतो की, फुकणीनं काय हुत न्हाय." म्हणत ते नव्हते. उलटच म्हणत होते. पण त्यांच्या तोंडावर चार महिन्यांत पहिल्यांदा समाधान दिसलं. बाहेर येताना म्हणाले, "पोरगी वजनात हाय."

मी मात्र रिक्षात बसल्यावर हिशेब केला. महिन्याला एकशे ऐंशी. शहात्तर महिने. तेरा हजार सहाशे ऐंशी गोळ्या, सगळ्या माझ्या पिशवीतून आलेल्या, एकही दिवस न चुकवता. त्या पिशवीवर माझा हात होता आणि तो मला काढावासा वाटला.

बाईंनी मेंदूच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केला. दोघांचं ठरलं. टीबीच्या गोळ्या बंद. ब्रोमोक्रिप्टीन एकदम बंद करायची नाही, अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढू शकतो. दर आठवड्याला एक कमी. सहा आठवड्यांत शून्य. पहिली गोळी थोडी वाढवायची, पण म्हाताऱ्या माणसाला किती वाढवणार. बाईंनी सुवर्णाला स्पष्ट सांगितलं, "श्वास सुधारेल. हात-पाय अडतील. दोन्ही मिळणार नाही."

नोव्हेंबरअखेर गोळ्या शून्यावर आल्या. श्वास बत्तीसवरून चोवीसवर आला. पाणी पुन्हा भरलं नाही. आप्पा नऊ पायऱ्या चढू लागले, पण आता थांबायचे ते दमामुळं नाही, पाऊल उचलत नाही म्हणून. हातात पेला धरला की चहा बशीत, बशीतून मांडीवर. शर्टाची गुंडी लावायला वीस मिनिटं, मग तेही जमेना. सुवर्णा भरवायची. संडासला नेऊन बसवायची, उठवायची, धुवायची. ती हे सगळं कुरकूर न करता करायची. आप्पा त्या वेळी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. हे मला सुवर्णानंच सांगितलं. "आंधळ्यासारखं बसत्यात, दादा. माझ्याकडं बघतच न्हाईत."

डिसेंबरच्या मध्यावर मला वरून पावलांचा सरळ, न अडणारा आवाज आला. मी वर गेलो तर आप्पांनी शर्टाच्या गुंड्या स्वतः लावल्या होत्या. हातात पेला होता आणि चहा पेल्यातच होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी सवयीनं श्वास मोजला. सव्वीस.

मी ट्रंकेशेजारचा पत्र्याचा डबा उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही, पण हात तिकडंच गेला. आत सुटी चंदेरी पाकिटं कापून ठेवलेली होती, एकेक, दोन-दोन गोळ्यांची. सहा वर्षांत कधी मळमळलं, कधी हात बरा होता, कधी बाहेरगावी गेले, तेव्हाच्या न घेतलेल्या गोळ्या. टाकून द्यायच्या कशा म्हणून ठेवलेल्या. मी जमिनीवर बसून मोजल्या. एकशे त्रेचाळीस भरलेल्या. रिकामी पाकिटंही ठेवलेली होती. ती एकोणतीस.

आणि मी बाईंना सांगितलं होतं, खाडा नाही.

"किती घेताय?" मी विचारलं.

"तीन." त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"आप्पा, छाती आवळत जाईल पुन्हा."

"मला कळतंय की."

"मग?"

ते पेल्याकडं बघत राहिले. "सुवर्णा सकाळी मला धुती. तिच्या हातावर पानी पडतं. त्ये मी बगत न्हाय. तुमी बगितलं न्हाय म्हनून इचारताय. दम थोडा असला तर चालंल, पावणं. हात पायजेत."

"विलासला सांगावं लागेल."

"चार दिस. चार दिस मला माझं करू द्या. ह्ये लिवू नगासा."

मी लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक आकडा माहीत असून लिहिला नाही आणि कुणाला सांगितलाही नाही. ते चार दिवस आप्पा स्वतः आंघोळीला गेले, स्वतः जेवले, दारात उभे राहून गल्लीतल्या पोरांना शिव्या दिल्या. मी रोज वर जात होतो आणि मनात मोजत होतो. सव्वीस. अठ्ठावीस. एकतीस. चौतीस. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या ओठांचा रंग बदललेला होता आणि पंखा फुल्ल असूनही ते म्हणत होते, "पंखा लावा."

दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर मी सुवर्णाला कॉरिडॉरमध्ये डब्याचं सांगितलं.

"तुमाला कवा कळलं?"

"चार दिवसांपूर्वी."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हातातल्या फॉर्मवर सही करायला वळली. पुढचे अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

या वेळी पाणी थोडंच होतं. बाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. उजवीकडचा पदर आणखी जाड दिसत होता. स्टेरॉइड सुरू केलं. बाई आप्पांना म्हणाल्या, "चार दिवसांनी एवढं होत नाही. पदर आधीच जाड होता. पण आता एक गोळीसुद्धा परवडणार नाही." आप्पांनी मास्कच्या आडून मान हलवली. माझ्याकडं मात्र बाईंचं बोलणं संपल्यावरही ते बघत राहिले. मला वाटतं, ते वाक्य मला ऐकू गेलं की नाही ते बघत होते. मला ऐकू गेलं होतं, पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही.

सातव्या दिवशी मास्क निघाला तेव्हा सुवर्णा त्यांच्याजवळ बसून बोलली. मी दाराशी फळं घेऊन उभा होतो.

"आप्पा, मी धुतलं तर काय झालं? माझ्या बाला मी धुतलं न्हाय?"

"तितं तू लेक हुतीस. हितं सून हाईस."

"मग मरायचं हाय व्हय तेवड्यासाटी?"

आप्पांनी डोळे मिटले. ती म्हणाली, "गडीमानूस ठेवूया. त्यो धुईल. मग तर गोळी खानार न्हाय न्हवं?"

"इलासचं पैसं न्हाय."

"मग कुनाचं?"

"माझं. हुपरीच्या खोलीचं भाडं येतंय की. त्या मानसाला मी देनार. माझ्या हातानं. तू द्यायचं न्हाय, पावन्यानं द्यायचं न्हाय."

"बरं."

"आनि मी देत असताना कुनी हात लावायचा न्हाय."

"बरं म्हटलं की."

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि डबा मागवला. घरून आणलेला डबा मी पलंगावर ठेवला. आप्पांनी तो स्वतः उघडायचा प्रयत्न केला, झाकण निघेना, तेव्हा सुवर्णाकडं सरकवला. तिनं सगळ्या गोळ्या नर्सकडं दिल्या. आप्पा त्या जाताना बघत होते. रिकामा डबा त्यांनी परत मागून घेतला.

मारुती नावाचा माणूस मिळाला. दवाखान्यातून निवृत्त झालेला वॉर्डबॉय, उचगावातलाच, साठीचा. सकाळी सात ते दहा यायचा. आप्पा त्याच्यापुढं डोळे मिटत नसत, त्याच्याशी बोलत असत, त्याला शिव्याही देत असत. सुवर्णा पुन्हा माझ्याशी बोलू लागली. आप्पांचे पाय दारात थबकायचे, हात छातीशी आखडलेला असायचा, बोलणं इतकं बारीक झालं होतं की कान जवळ न्यावा लागे. श्वास तेवीस-चोवीसवर होता. एवढ्यावर दिवस निघतील असं बाई म्हणाल्या होत्या, पण उजव्या बाजूला राखीव असं काही उरलेलं नाही, साधी सर्दीसुद्धा सांभाळा. ते ऐकल्यापासून कुणी शिंकलं की मी वर जाणं टाळायचो. माझ्या बायकोला पडसं झालं तेव्हा सहा दिवस आमच्या घरातलं कुणी जिना चढलं नाही.

तरी सर्दी कुठूनतरी आलीच. मार्चच्या पहिल्या मंगळवारी दुपारी, ताप येऊन दीड दिवस झाला असताना, आप्पा दवाखान्यात वारले. मी कामावर होतो. फोन आला तेव्हा मी बेअरिंगची पेटी मोजत होतो आणि ती मला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहाला. मारुतीचा आठवड्याचा पगार द्यायचा दिवस होता. आप्पा खुर्चीत, पंखा चालू, मारुती समोर उभा. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात धरून. मी उंबऱ्यावर. पैसे आप्पांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होते, शंभराच्या दहा नोटा आणि पन्नासची एक. उजवा हात मांडीवरून निघाला, छातीपर्यंत आला आणि खिशाच्या तोंडाशी अडला. बोटं आत जाईनात. आम्ही तिघं जागीच उभे होतो. बोटं गेली, एक नोट निघाली, हात लांब झाला, मारुतीनं ती घेतली. मग पुन्हा खिशापर्यंत. सातव्या नोटेनंतर हात हवेतच थांबला, ना पुढं ना मागं, आणि आप्पांचा श्वास भराभर चालू लागला. सुवर्णाचं पाऊल पुढं आलं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. पाऊल मागं गेलं. हात हलायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. सगळ्याला मिळून अकरा मिनिटं लागली.

शेवटची पन्नासची नोट जमिनीवर पडली. मारुती वाकला नाही. त्याला अट माहीत होती. आप्पा खुर्चीच्या कडेला आले, एका हातानं खुर्ची धरून खाली झुकले, दोनदा नोट बोटांतून निसटली, तिसऱ्यांदा आली. वर यायला त्यांना चार श्वास लागले. ती नोट त्यांनी मारुतीच्या हातात ठेवली आणि काहीतरी बोलले. मारुतीनं कान जवळ नेला, मग आमच्यासमोर सगळ्या नोटा पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या. एक हजार पन्नास रुपये, मारुतीला.